घरीं केलेला बोलका बिल्ला

एडवणसारख्या गांवांत बिल्ल्याचें प्रयोजन नसतें. समोरून येणारा मनुष्य कोणाच्या वाडींतला, हें त्याच्या चालीवरूनच ओळखतां येतें, आणि न ओळखलें तर "तूं रे कोणाचा?" असें विचारण्याचा अधिकार प्रत्येक वडील माणसाला आहेच. परंतु हाच तरुण सफाळ्यास गाडी धरून मुंबई-पुण्यास किंवा थेट गोव्यास एखाद्या तंत्रज्ञान-परिषदेला गेला, म्हणजे शेंकडों अपरिचितांच्या दालनांत त्याचें नांव सांगण्याचें काम छातीवरच्या पुठ्ठ्यावर येऊन पडतें. तो पुठ्ठा यजमानांनीं छापलेला, बहुधा रोमन लिपींत, आणि गळ्यांतील फितीवर हटकून उलटा फिरणारा! त्याऐवजीं स्वतःच्या हातानें केलेला, प्रकाशानें बोलणारा बिल्ला लावून जावें, अशी हौस तंत्रप्रेमी मंडळींत आहे. तिच्याविषयीं आज थोडें सांगावयाचें आहे.

बिल्ला ही वस्तु आपल्या किनाऱ्यास मुळींच नवी नाहीं. येथून उत्तरेस तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ सालीं सुरू झालें. तेथें किरणोत्सर्गाच्या कक्षेंत काम करणारा मनुष्य छातीवर एक लहानसा बिल्ला लावतो. त्यांत कॅल्शियम सल्फेटच्या, डिस्प्रोसियमचा अंश मिसळलेल्या, चकत्या असतात. अंगावर किती किरण पडले याची नोंद त्या मुकाट्यानें सांठवून ठेवतात, आणि पुढें प्रयोगशाळेंत तापविल्या म्हणजे तितक्याच प्रमाणांत प्रकाश देऊन ती उघड करतात. तो बिल्ला ऐकतो. परिषदेचा बिल्ला बोलतो.

या बोलक्या बिल्ल्याची प्रथा अमेरिकेंतली. लास व्हेगास येथें १९९३ सालीं सुरू झालेल्या 'डेफ कॉन' परिषदेंत २००६ सालीं जो ग्रँड या अभियंत्यानें रचलेला पहिला इलेक्ट्रॉनिक बिल्ला वांटण्यांत आला. पुढें पाहुणेच आपापले बिल्ले घरीं करून आणूं लागले.

सामान मिळविण्यासाठीं ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गांठावा. डॉ. भडकमकर मार्ग हें त्याचें अधिकृत नांव; पण दुकानदारास तें सांगितल्यास तोच बुचकळ्यांत पडेल. आर्डुइनो प्रो मिनी नांवाची बोटभर पट्टी, १२८ गुणिले ६४ ठिपक्यांचा लहानसा ओलेड पडदा, एक कळ, एक बटण आणि तीन बारीक पेन्सिल सेल, एवढ्यावर भागतें. पट्टी ३.३ व्होल्टची घ्यावी. नाण्यासारखा चपटा सेल दिसण्यांत फार देखणा. परंतु त्याची धारणा सुमारें २२० मिलिअँपिअर-तास, आणि पडद्यास वीसेक मिलिअँपिअर सतत लागले कीं त्याचा दाब लवकरच ढासळतो. पेन्सिल सेल वजनास जड खरे, पण परिषदेचा सगळा दिवस निभावून नेतात.

खरी कसोटी पुढेंच आहे. पडद्यावर नांव कोणत्या लिपींत उमटवावयाचें? या लहान यंत्रांसाठीं ज्या तयार अक्षरमाला मिळतात त्या बहुतेक रोमन. देवनागरी नुसतीं अक्षरें ओळीनें मांडून होत नाहीं. 'एडवण' हें नांव मोठें सोयीचें: चार अक्षरें, कान्हा नाहीं, मात्रा नाहीं, जोडाक्षर नाहीं. पण शेजारचें 'दातिवरे' घ्या. त्यांतील वेलांटी संगणक 'त'च्या मागून सांठवतो आणि ती काढावयाची मात्र 'त'च्या पुढें! हें ज्ञान मोठ्या संगणकास असतें, आपल्या पट्टीस नसतें. मग श्रीकृष्ण आणि ज्योत्स्ना यांनीं काय करावें? पुष्कळजण येथें हात टेकतात आणि रोमन अक्षरांत नांव घालून मोकळे होतात. मला हें पटत नाहीं. बिल्ला स्वतःचा, हात स्वतःचे, मग लिपीच तेवढी उसनी कां?

उपाय साधा आहे. नांव हें अक्षरें न मानतां चित्र मानावें. आलेख-कागदावर १२८ गुणिले ६४ घरांचा चौकोन आंखून त्यांत पेन्सिलीनें नांव काढावें. भरलेलें घर एक, रिकामें घर शून्य. आठ घरांचा एक बाइट. सगळें चित्र बरोबर १,०२४ बाइटांचें होतें. पट्टीची चालू स्मृति अवघी २,०४८ बाइटांची, म्हणजे आपलें नांव तिची निम्मी जागा अडवतें. म्हणून मूळ चित्र ३२ किलोबाइटांच्या कायम स्मृतींत ठेवावें. तेथें दहा-पंधरा चित्रें सहज मावतात. संगणकाकडूनही असें चित्र करून घेतां येतें. परंतु इतक्या थोड्या ठिपक्यांत त्याच्या हातून वेलांटीचा बाक मोडतो. शिरोरेषा दोन ठिपके जाड, अक्षरांच्या उभ्या रेघा तीन, असें प्रमाण डोळ्यांस बरें दिसतें. बटण दाबतांच दुसरें चित्र यावें, त्यांत नांव रोमन लिपींत. परप्रांतीय पाहुण्याचीही सोय झाली पाहिजे.

पडदा जेमतेम इंचभर असल्यामुळें नांव हातभर अंतरावरूनच वाचतां येतें. हा मी दोष मानीत नाहीं. वाचण्यासाठीं मनुष्य जवळ येतो, आणि आला म्हणजे "हें तुम्हीं केलें?" असें विचारतो. इंग्रजींत पहिलें वाक्य कसें उच्चारावें या विवंचनेंत भिंतीशीं उभ्या राहिलेल्या मुलाचें अर्धें काम तेथेंच होऊन जातें.

एक सूचना मात्र गंभीरपणें करावीशी वाटते. २००७ सालीं बोस्टनच्या विमानतळावर एम.आय.टी.ची एक विद्यार्थिनी घरीं केलेलें, चांदणीच्या आकाराचें हिरव्या दिव्यांचें मंडल छातीवर लावून गेली. उघड्या तारा आणि बॅटरी पाहून पोलिसांनीं तिच्यावर बंदुका रोखल्या व तिला अटक केली. तेव्हां प्रवासांत बिल्ला अंगावर घालूं नये; सेल काढून डब्यांत ठेवावा आणि परिषदेच्या दारांतच लावावा. तारा उघड्या न ठेवतां मागें पातळ लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पाठ बसवावी.

आपल्याकडील खाऱ्या हवेचाही विचार हवा. सोल्डर करतांना लावलेला राळेचा थर तसाच राहिला तर त्यांत दमट हवेंतला क्षार धरतो आणि तांब्यावर हिरवट बुरशीसारखा लेप चढतो. सांधे स्पिरिटानें पुसून, वाळवून, त्यांवर नखें रंगविण्याच्या बिनरंगी लाखेचा एक हात द्यावा. पडद्याचा दर्शनी भाग आणि बटण तेवढें वगळावें. परिषद आटोपून घरीं आल्यावर सेल काढून ठेवावे, नाहींतर पावसाळ्यांत ते पाझरून डब्याच्या पत्र्याचे कांटे खाऊन टाकतात.