जवळचा पल्ला की लांबचा पल्ला?

(वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्यावर चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची सूचना होती. परंतु अलीकडे आपल्या कुटुंबांतील काही तरुण, तसेच नोकरी गेलेले काही मध्यमवयीन बंधू आम्हांस एक निराळाच प्रश्न विचारू लागले आहेत. ‘डॉक्टरसाहेब, ट्रकचा परवाना काढतो आहे, लांब पल्ल्याची गाडी घ्यावी की शहरातल्या शहरात चालवावी?’ हा प्रश्न वैद्याला कशासाठी, असे कोणास वाटेल. परंतु अमेरिकेत ट्रकचालकाचा परवाना वैद्यकीय दाखल्यावर टिकतो आणि तो दाखला जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो. म्हणूनच हा विषय आम्ही आज घेतला आहे.

प्रथम दोन वाटा समजून घेऊ. आपल्या गावाकडे एस.टी.च्या चालकाला मुक्कामी गाडी लागली, की तो रात्री परगावी झोपे आणि सकाळी गाडी घेऊन परत येई. येथील लांब पल्ल्याचा मुक्काम एका रात्रीचा नसतो. दोन-दोन, तीन-तीन आठवडे चालक गाडीतच झोपतो, आणि अनेक कंपन्यांत बाहेर काढलेल्या प्रत्येक आठवड्यामागे घरी एक दिवस, असा हिशेब असतो. स्थानिक चालक मात्र रोज आपल्या घरी परततो. या दोहोंच्या मधली वाट म्हणजे प्रादेशिक फेरी. तिच्यात चालक आठवडाभर बाहेर आणि बहुधा शनिवार-रविवार घरी असतो.

आता पैशाचा विचार. लांब पल्ल्याच्या चालकाला बहुधा मैलावर पैसे मिळतात. समजा, मैलाला ६० सेंट दर आहे आणि आठवड्यात २,५०० मैल झाले. म्हणजे १,५०० डॉलर. स्थानिक चालकाला तासाला २६ डॉलर आणि ५० तास धरले, तर १,३०० डॉलर. कागदावर पहिला आकडा मोठा दिसतो. परंतु गोदामाच्या दारात माल चढण्या-उतरण्याची वाट पाहण्यात गेलेले तास, डिझेल भरणे, गाडीची तपासणी हे सारे धरून पहिल्याचे कामाचे तास ६५ झाले, तर तासाला २३ डॉलरच पडतात. शिवाय आठवड्याच्या १६८ तासांपैकी उरलेले १०३ तासही तो घराबाहेरच असतो. त्या तासांचा दर कोणत्याच जाहिरातीत छापलेला नसतो.

केंद्र सरकारचा नियम असा, की सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर ११ तासच चाक फिरवता येते, आणि तेही कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत. आठ दिवसांत कामाचे ७० तास भरले, की गाडी चालवणे थांबवावे लागते. गोदामाच्या दारात पाच तास गेले, तर १४ पैकी नऊच उरतात. मैल बुडतात आणि मैलांबरोबर मिळकतही. त्यातच १९३८ च्या श्रम कायद्यातील जादा कामाच्या दीडपट वेतनाची तरतूद आंतरराज्य मालवाहतुकीच्या बहुतेक चालकांना लागू नाही. काही कंपन्या, विशेषतः स्थानिक कामात, ते देतात. म्हणून नोकरी पत्करण्यापूर्वी ही गोष्ट विचारलीच पाहिजे.

येथे एक स्मरण करणे उचित होईल. परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ सालीच कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कामगाराच्या आयुष्याचे मोल वेतनाइतकेच वेळातही असते, ही दृष्टी त्यामागे होती. ६० ते ७० तासांचा आठवडा पत्करताना आपण काय देऊन टाकत आहोत, हे आपल्या माणसाला तरी ठाऊक असावे.

आता वैद्य म्हणून. या देशाच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने २०१० साली लांब पल्ल्याच्या चालकांची पाहणी केली. तीत १०० पैकी ६९ जण स्थूल आढळले. इतर कामगारांत हे प्रमाण ३१ होते. निम्म्याहून थोडे अधिक धूम्रपान करणारे होते. आपण दक्षिण आशियाई लोक तर तुलनेने कमी वजनावरही मधुमेहाला बळी पडतो. आधीच ती प्रवृत्ती, त्यात दिवसभर बैठे काम, अवेळी झोप आणि ट्रकतळावरचे तळलेले अन्न!

दवाखान्यात आम्ही काय पाहतो, तेही सांगतो. रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी चालक मुद्दाम टाळतो, कारण वाटेत गाडी लावायला जागा मिळत नाही. तपासणीची तारीख ठरलेली असते, त्या दिवशी तो हजार मैल दूर असतो. झोपेत श्वास अडखळण्याचा विकार वर्षानुवर्षे कळतच नाही, कारण शेजारी घोरणे ऐकणारे कोणी नसते. मग दाखल्याचा दिवस येतो. रक्तदाब १४०/९० च्या आत असेल, तर दोन वर्षांचा दाखला मिळू शकतो. १८०/११० किंवा त्याहून अधिक असेल, तर तो आटोक्यात येईपर्यंत गाडी बंद. इन्शुलिन घेणाऱ्यांना २०१८ पासून वाट मोकळी झाली आहे, पण त्यांना रक्तशर्करेच्या तीन महिन्यांच्या नोंदी दाखवाव्या लागतात आणि दाखला वर्षाचाच मिळतो. ज्या शरीरावर परवाना उभा आहे, तेच झिजवून मिळवलेला पैसा फार काळ पुरत नाही.

याचा अर्थ स्थानिक काम सुखाचे आहे, असे नव्हे. पहाटे तीनला हजेरी, शहरातील गर्दी, अरुंद गल्लीत ट्रेलर मागे घेणे, आणि पुष्कळदा स्वतः माल उतरवणे. कंबर आणि खांद्याची दुखणी येथेच अधिक. तरीही घरचे जेवण, ठरलेल्या वेळी औषध आणि मुलांची शाळा या तीन गोष्टी हाती राहतात. १५० हवाई मैलांच्या, म्हणजे सुमारे १७३ साध्या मैलांच्या परिघात काम करून १४ तासांच्या आत मूळ ठिकाणी परतणाऱ्याला नोंदींच्या नियमांतही सवलत आहे.

अडचण अशी, की अनेक स्थानिक कंपन्या एक-दोन वर्षांचा अनुभव मागतात. म्हणून अविवाहित, निरोगी तरुणाने प्रथम लांब पल्ला पत्करण्यास आमची हरकत नाही. मात्र किती महिने, हे आरंभीच कागदावर लिहून ठेवावे. ज्याला मधुमेह वा रक्तदाब आहे, किंवा ज्याच्या घरी लहान मुले अथवा वृद्ध आई-वडील आहेत, त्याने थोडा कमी पगार घेऊन स्थानिक किंवा प्रादेशिक कामच शोधावे. फेब्रुवारी २०२२ पासून परवान्याच्या परीक्षेपूर्वी नोंदणीकृत संस्थेत प्रशिक्षण सक्तीचे आहे. राज्याबाहेर माल नेण्यास वय २१ पूर्ण हवे. जून २०२५ पासून पुरेसे इंग्रजी न येणाऱ्या चालकास तपासणीत जागीच कामावरून थांबवले जाते. त्या भाषेची तयारी आधी करावी.

शेवटी एक कळकळीचा इशारा. ‘हप्ते आमच्याकडेच फेडा आणि ट्रकचे मालक व्हा’, अशी योजना काही कंपन्या नवख्यांपुढे ठेवतात. हप्ता, विमा, डिझेल, दुरुस्ती सारे चालकाच्या माथी. माल द्यायचा की नाही, हे मात्र कंपनीच्या हाती. काही आठवड्यांत हाती शून्य येते आणि नोकरी सोडली, तर ट्रकही जातो. केंद्र सरकारने नेमलेल्या अभ्यासगटाने जानेवारी २०२५ मध्ये अशा योजनांवर बंदी घालण्याची शिफारस केली. आपल्या आजे-पणज्यांपैकी कित्येकांनी उचल घेऊन सालगडी म्हणून राबत आयुष्य काढले; उचल फिटत नसे आणि मालकाचे दार सुटत नसे. तोच करार इंग्रजीत छापून पुढे आला, तर तो ओळखण्याची जबाबदारी आपली आहे. अशा कागदावर सही करण्यापूर्वी तो आपल्यातील जाणत्या व्यक्तीला अवश्य दाखवावा. या सभागृहात वकील आहेत, हिशेबनीस आहेत. त्यांच्याकडे हक्काने जावे.

श्रमाची लाज आपल्याला कधीच नव्हती आणि ट्रकचालकाचे काम प्रतिष्ठेचेच आहे. आमचे मागणे इतकेच, की निर्णय घेताना मैलाचा दर, घरचे तास आणि स्वतःची प्रकृती हे तीनही हिशेब घरातील सर्वांसमवेत बसून मांडावेत. गृहिणीला आणि मोठ्या मुलांनाही त्यात बोलू द्यावे, कारण रिकाम्या खुर्चीचा भार तेच वाहणार असतात.