साहेबाच्या बंगल्यातली सुऱ्यांची पेटी



कामठीजवळच्या एका गावातून बचतगटाच्या एका ताईंनी विचारलंय. आजेसासऱ्यांपासून घरात एक लाकडी पेटी आहे. आत एक लांब सुरी, दोन दातांचा मोठा काटा आणि एक गोल सळई. जुन्या वस्तू घेणारा एक जण दारावर आला आणि दोन हजार देतो म्हणाला. मुलीची फी भरायची आहे. देऊन टाकावी का?

ताई, थोडं थांबा. आधी वस्तू ओळखू.

कामठीची छावणी १८२१ सालची. पुढे १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं आणि सिव्हिल लाइन्समध्ये साहेबांचे बंगले उभे राहिले. तिथे आपल्याकडची माणसं खानसामा, माळी, शिपाई म्हणून राबली. साहेब विलायतेला परत निघाला की काही सामान विकलं जाई, काही नोकराला मिळे. तुमची पेटी अशीच आली असावी. अख्खं भाजलेलं मांस जेवणाच्या टेबलावर आणून त्याचे काप काढायची ही सुरी. काटा मांस दाबून धरायला. त्याच्या पाठीवर उघडमीट होणारी छोटी पट्टी असेल, तर ती सुरी निसटून हाताला लागू नये म्हणून. आणि सळई धार लावायची.

आता सुरीचं पातं उजेडात धरा. मुठीजवळ इंग्रजी अक्षरं असतील. वाचता आली नाहीत तर शाळेत जाणाऱ्या पोरीला वाचायला सांगा. शेफील्ड हे इंग्लंडमधलं सुऱ्या-कात्र्यांचं गाव, ते नाव बहुतेक दिसेलच. सोबत 'इंग्लंड' असं देशाचं नाव असेल तर सुरी बहुधा १८९१ नंतरची. अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवंच असा कायदा १८९० मध्ये केला, तेव्हापासून ते छापायची रीत पडली. 'स्टेनलेस' लिहिलं असेल तर वस्तू १९१३ नंतरचीच, कारण हे न गंजणारं पोलाद शेफील्डमध्ये त्याच साली निघालं. पण गंज दिसला म्हणजे शंभर वर्षं झालीच, असंही समजू नका. लिंबू चिरलं की काळं पडणारं साधं पोलाद नंतरही वापरात होतंच.

मुठीखाली चकचकीत कडं असेल. त्यावर ई पी एन एस ही चार अक्षरं असली तर चांदीचा नुसता मुलामा. चालता सिंह कोरलेला असेल तर चांदी खरी, पण पत्रा पातळ असतो, वजन फार भरत नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मूठ. खडबडीत, तपकिरी, दोन मुठी एकमेकींसारख्या नाहीत, तर ते सांबरशिंग. पांढरी-पिवळसर असेल तर टोकाकडून नीट बघा. एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसली तर हस्तिदंत. बारीक काळे ठिपके असले तर हाड. सरळ, सारख्या अंतरावरच्या रेषा म्हणजे हस्तिदंताची नक्कल, जुनं प्लास्टिक. गरम सुई टोचून बघा असं कुणी सांगेल. अजिबात करू नका, हे प्लास्टिक भुर्रकन पेटतं.

शिंग किंवा हस्तिदंत निघालं, तर विक्रीचा विषय तिथेच संपला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. या वस्तूंच्या व्यापारावर बंदी आहे आणि गुन्हा घेणाऱ्याबरोबर देणाऱ्यावरही दाखल होतो. दारावरचा माणूस पुढच्या गावी निघून जाईल, नाव मात्र तुमचं राहील. अशी पेटी घरात ठेवण्याबद्दल काय करायचं, ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

मूठ हाडाची, लाकडाची किंवा प्लास्टिकची असेल तर विकता येते. पण लाखाची स्वप्नं बघू नका. अशा पेट्या विलायतेत घरोघरी होत्या, त्यामुळे तिकडेही भाव बेताचाच. तिन्ही वस्तू एकाच जोडीच्या, पेटी शाबूत, पातं घासून बारीक झालेलं नाही, तर चार पैसे जास्त. दोन हजार ही मला लूट वाटत नाही, तरी शहरातल्या दोन दुकानांत दाखवून मगच ठरवा. तोवर धारवाल्याच्या चाकाला लावू नका, चिंचेने घासू नका, मूठ पाण्यात बुडवू नका. कोरड्या फडक्याने पुसा आणि पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. खायचं तेल नको, ते चिकट होतं.

आणि हो, पेटी आजेसासऱ्यांची आहे. दीर-नणंदांना विचारल्याशिवाय पैसे घेऊ नका.

जाता जाता एक सांगते. साहेबाची सुरी आपण मखमलीत जपतो आणि आजीचा पितळी अडकित्ता, सरोता म्हणा हवं तर, मोडीत घालतो. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात असे अडकित्ते काचेत मांडून ठेवलेत. तुमच्या घरी असेल तर तोही बाहेर काढून ठेवा. त्याच्याबद्दल पुढच्या वेळी बोलू.