चष्मा काढून वेल्डिंग करू नका

(महासंघाच्या मासिक सभेतलं बोलणं, थोडं आवरून लिहिलेलं.)



आज कर्जफेडीचा विषय नाही, तेव्हा मागे बसलेल्यांनीही पुढे यायला हरकत नाही. फॅब्रिकेशनचं काम घेतलेल्या गटांशी बोलायचंय. पण ज्यांच्या घरी मुलगा नाहीतर दीर वेल्डिंग करतो, त्यांनीही ऐका.

गेट-ग्रिलचं काम शिकलेल्या बायका चाळिशी उलटली की म्हणतात, “मॅडम, आता जोड नीट दिसत नाही, मी आपली रंग मारते.” रंग मारणारीला मजुरी कमी, हे तुम्ही मला सांगायला नको. हात तर शिकलेला असतो, अडतं ते चष्म्यापाशी. चष्मा घातला तर हेल्मेट नीट बसत नाही, म्हणून चष्मा काढायचा. मग जोड दिसत नाही, म्हणून तोंड आणखी जवळ न्यायचं. म्हणजे धूर आणि ठिणग्या थेट तोंडावर. काही जणी तर अंदाजाने, डोळे मिटून टाका मारतात. असं करू नका गं.

आधी एक गैरसमज काढू. नंबरचा चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे. त्याच्या बाजूने, वरून, खालून उजेड आत येतोच. उन्हाचा काळा गॉगलही चालत नाही. वेल्डिंगच्या काचेवर तिच्या काळेपणाचा नंबर छापलेला असतो. आपण वापरतो त्या अडीच आणि सव्वातीन एमएमच्या रॉडला साधारण 10 किंवा 11 नंबरची काच लागते. नंबरच नसलेली काच कितीही काळी दिसली तरी घेऊ नका. डोळ्याला न दिसणारे किरण ती अडवते की नाही, हे नुसत्या रंगावरून कळत नाही.

ते किरण लागलेले लगेच जाणवत नाहीत. दिवसभर काम होतं, जेवण होतं, आणि पाच-सहा तासांनी, कधी मध्यरात्री, डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, पाणी वाहतं, दिव्याकडे बघवत नाही. गेट धरून उभी राहिलेली मदतनीसही यात सापडते, कारण तिच्या हातात हेल्मेट कुणी दिलेलंच नसतं. अशा वेळी बटाट्याची चकती, दूध, तूप काही घालू नका. डोळे चोळू नका, मिटलेल्या डोळ्यांवर स्वच्छ ओली घडी ठेवा आणि डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बरं वाटतं, पण आत कण रुतलाय का, हे तपासून घ्यावंच लागतं.

आता खरेदीचं. हेल्मेट आणायला दुकानात जाल तेव्हा चष्मेवालीला सोबत न्या आणि तिचाच चष्मा घालून बघा. डोक्याच्या पट्ट्यात काच पुढे-मागे सरकवायची सोय असते, ती बघून घ्या. चष्म्याला हेल्मेट टेकता कामा नये. खाली वाकून, मान दोन्हीकडे वळवून बघा. दुकानदार घाई करतो, करू दे.

पण खरा धोका हेल्मेट वर केल्यावर असतो. हातोडीने वरची खपली उडवताना आणि ग्राइंडर चालवताना कण उडतात. म्हणून चष्म्यावरून बसणारा, बाजू झाकलेला पांढरा गॉगल हेल्मेटच्या आत हवाच. चष्म्याच्या काड्या त्याने कानावर दाबल्या जातात का, हे दहा मिनिटं घालून बघा. जो टोचतो, तो दुसऱ्या दिवशी खुंटीला लागतो. हवा जायला झरोके असलेला घ्या. नाकावर पदर घट्ट बांधला की श्वास वर जातो आणि काच धुरकटते, हे आपल्याकडे फार होतं. चष्म्याची भिंगं काचेची असतील तर पुढच्या वेळी पॉलिकार्बोनेटची करा. ती सहज फुटत नाहीत.

दोन नंबरी चष्मा असणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. जवळचा नंबर भिंगाच्या खालच्या भागात असतो आणि हेल्मेटची खिडकी समोर. मग जोड बघायला मान मागे टाकावी लागते, संध्याकाळी मान धरते आणि आपण म्हणतो वय झालं. कामासाठी एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. डोळे तपासणाऱ्याला नुसतं “जवळचं दिसत नाही” म्हणू नका. काम करताना जोड डोळ्यापासून किती लांब असतो, ते दोरीने मोजून घेऊन जा. पोथी वाचायचं अंतर आणि वेल्डिंगचं अंतर एक नसतं.

आपोआप काळं होणारं हेल्मेट परवडत असेल तर चांगलं, सारखी मान झटकावी लागत नाही. पण रोज काम सुरू करण्याआधी ते काळं होतंय ना, ते तपासा.

सामानाची मागणी लिहिताना गटप्रमुखांनी चष्मा असणाऱ्यांची नावं शेजारी लिहावीत, आणि मदतनिसांचं हेल्मेट त्यातच धरावं. पुढच्या सभेला ती यादी मला हवी आहे. चष्मा लपवून ठेवणाऱ्या मावश्यांची नावंसुद्धा.