सर्वनामांची गुरुकिल्ली



दिल्लीच्या कोपर्निकस मार्गावर महाराष्ट्र सदनाची जुनी वास्तू आहे. कमानी सभागृह आणि दूरदर्शन भवनही तेथेच आहेत. या परिसरात वावरणारे मराठी मूल घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी अशा तीन भाषा एकाच दिवसात हाताळते. मराठी माध्यमामुळे इंग्रजी कच्चे राहील, ही पालकांची चिंता जुनी आहे. परंतु इंग्रजीतील सर्वांत फसवे असे जे लहान शब्द, ते उलगडताना मराठीच उपयोगी पडते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना याच वाटेने इंग्रजी शिकविले.

'हिज' आणि 'हर' यांचेच पाहावे. हिंदीत 'उसका भाई' म्हटले, की भाऊ त्याचा की तिचा, हे कळत नाही. मराठीत 'त्याचा भाऊ' आणि 'तिचा भाऊ' हा भेद स्पष्ट असतो. विद्यार्थ्याने चा-ची-चे हा शेवट बाजूला ठेवून केवळ आरंभ पाहावा : 'त्या' असेल तर 'हिज', 'ति' असेल तर 'हर'. मात्र ही किल्ली माणसांपुरतीच चालते. मराठीत खुर्ची 'ती' असली, तरी इंग्रजीत ती 'इट'च.

'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांत एका अक्षराने अर्थ फिरतो. 'अ फ्यू' म्हणजे काही, थोडे तरी. 'फ्यू' म्हणजे थोडेच, जवळजवळ नाहीत. मराठीत जे काम 'च' करतो, ते इंग्रजीत 'अ' गाळल्याने होते. शाळेच्या पत्रात 'फ्यू पेरेंट्स केम' असे लिहिले, तर आलेल्या पालकांचे कौतुक होण्याऐवजी न आलेल्यांची तक्रार होते. पाणी, वेळ यांसारख्या न मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी 'लिटल' आणि 'अ लिटल' यांचा न्याय हाच.

'इट्स'चे दोन अर्थ कानाला सारखेच ऐकू येतात. चूक होते ती लेखनात. 'त्याचे' या अर्थी 'इट्स' लिहिताना 'हिज', 'हर'प्रमाणेच लोपचिन्ह येत नाही. 'इट इज' किंवा 'इट हॅज' यांचा संक्षेप असेल तेव्हाच ते द्यावे.

एका बाबतीत मात्र मराठी अधिक श्रीमंत आहे. इंग्रजीत 'वी' आणि हिंदीत 'हम' यांवर भागते. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही शाळा उभारली' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण उभारली' म्हणताना तो आत येतो. दिल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलांच्या बोलण्यात हिंदीच्या सहवासाने हा भेद पुसट होऊ लागतो. त्यांचे इंग्रजी निर्दोष व्हावे, यासाठी शाळा झटतेच. घरातून 'आपण' हरवू नये, एवढे पालकांनी पाहावे.