तेलाची काळजी आणि दिंडीतली संगत
(शताब्दी वर्षाच्या वारीत नातेपुते मुक्कामी, हरिपाठानंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)

कीर्तनाच्या आत आटपा असं आम्हाला बजावलंय, म्हणून थेट विषयावर येतो.

आम्ही म्हणजे मूळचे चौघं. एकजण एसटीच्या डेपोत डिझेल भरायच्या कामावर होता, एक शाळामास्तर, एक ट्रॅक्टर-इंजिनं दुरुस्त करणारा आणि एक नुसता शेतकरी. बोलतोय एक, पण कागद चौघांनी बसून केलाय. पाचवी माऊली नंतर आली, तिचं पुढे सांगतो.

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. त्यातली जवळपास निम्मी वर्षं सामान बैलगाडीनं आलं. भांडी, शिधा, पालाचं कापड, सगळं गाडीत. 72 च्या दुष्काळात चारा नव्हता, बैल मिळेल त्या भावानं गेले, काही दावणीलाच गेले. 1973 च्या वारीला गाडी जुंपायला जोडी उरली नव्हती, म्हणून दिंडीनं पहिल्यांदा ट्रक केला. आणि मौज बघा, त्याच वर्षी ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झालं, अरब देशांनी तेल आखडलं आणि दोन-तीन महिन्यांत भाव चौपट झाला. नोव्हेंबरात पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी दिल्लीत बैलगाडीत बसून संसदेत गेले. आम्ही गाडी सोडली आणि दिल्लीनं धरली, असं आमचे वडीलधारे हसून सांगायचे.

आमच्या डोक्यात हा किडा शिरला तो 2008 साली. त्या वर्षी जूनमध्ये सरकारनं डिझेल 3 रुपयांनी आणि घरचा सिलिंडर 50 रुपयांनी वाढवला, आणि जुलैत, ऐन आषाढीच्या महिन्यात, जगाच्या बाजारात तेलाचा बॅरल 147 डॉलरपर्यंत गेला. डेपोवाला म्हणाला, हे असंच चढत राहिलं तर काय करायचं? मास्तरांनी पुस्तकं काढली. जमिनीतलं तेल एकदा काढलं की पुन्हा भरत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण आम्हाला जे उमगलं ते वेगळं होतं. तेल एकदम संपत नाही. आपल्या बोअरचं जसं होतं तसंच होतं. पहिलं पाणी दोनशे फुटांवर लागलं, फुकटासारखं आलं. मग चारशे, मग सातशे. पाणी येतंच, पण मोटार मोठी लागते, वीजबिल वाढतं, आणि एक दिवस उपसा परवडत नाही. आपल्या मुंबईच्या समुद्रातलं बॉम्बे हाय घ्या. 1974 साली 'सागर सम्राट' जहाजावरून भोक पाडलं आणि तेल लागलं, देशानं दिवाळी केली. आज तेच क्षेत्र म्हातारं झालंय. साऱ्या देशाचं मिळून 2011-12 साली 3 कोटी 80 लाख टन कच्चं तेल निघालं होतं, ते आता 3 कोटींच्या खाली आलंय. आपण जाळतो त्यातलं शंभरात पंच्याऐंशीहून जास्त तेल बाहेरून येतं.

हे एवढं आम्ही दिंडीत सांगायला लागलो. चालता चालता, पंगतीत, पाल ठोकताना. आणि सहा महिन्यांत भाव कोसळला. डिसेंबरात बॅरल चाळीस डॉलरच्याही खाली. पुढच्या वारीत आळंदीलाच एकानं हाक मारली, "काय बुवा, कुठं गेलं तुमचं संपणारं तेल?" सगळी पंगत हसली.

हसणाऱ्यांचा राग आम्ही पुष्कळ वर्षं धरला. खरं सांगायचं तर चूक आमचीही होती. मास्तर अमेरिकेतल्या हबर्ट नावाच्या भूगर्भवाल्याचा दाखला द्यायचे. त्यानं 1956 साली सांगितलं होतं की अमेरिकेचं तेल 1970 च्या सुमाराला शिखर गाठेल आणि उतरेल, आणि तसंच झालं. पण पुढे तिकडं खडक फोडून तेल काढायची रीत आली आणि 2018 साली त्यांनी 1970 चा आकडा मागे टाकला. हे कळलं तेव्हा मास्तर दोन दिवस आमच्याशीसुद्धा बोलले नाहीत. आपण तारीख सांगून बसलो की तारीख चुकते, आणि तारखेबरोबर मूळ गोष्टही लोक टाकून देतात. बरं, ती खडक फोडायची रीत म्हणजेही सातशे फुटांचाच बोअर. पण आमचं ऐकायला कोण उरलं होतं?

मग आम्ही आपल्यासारखी माणसं शोधायला लागलो. तिकडं परदेशात अशी माणसं एकमेकांना सापडली होती. आयर्लंडमधल्या किन्सेल गावात रॉब हॉपकिन्स नावाच्या मास्तरानं कॉलेजातल्या पोरांना घेऊन 2005 साली, तेल कमी पडलं तर आपलं गाव कसं चालेल याचा आराखडाच केला. पुढच्या वर्षी इंग्लंडात टॉटनेस गावात लोकांनी तसंच काम सुरू केलं. गावातली माणसं एकत्र बसून भाजीपाला कुठून येईल, घर ऊबदार कसं राहील, हे बोलायची. आमच्या मास्तरांनी हे वाचून दाखवलं तेव्हा आम्ही सुस्कारा टाकला. आपल्याकडं अशी माणसं कुठली? आणि हा सुस्कारा आम्ही कुठं टाकला म्हणता? दिवे घाट चढताना, मागं-पुढं लाखो माणसं चालत असताना. स्वतःच्या पायांनी अडीचशे किलोमीटर जाणाऱ्या समाजात उभं राहून आम्ही चौघं म्हणत होतो, आपल्या विचाराचं कुणी नाही!

समाजआरतीला काय होतं ते तुम्ही रोज बघता. चोपदारांनी दंड उंचावला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिकडं जातात, विचारतात, काय हरवलं, काय झालं. आम्ही टाळ वाजवतच होतो, पण काय हरवलं ते विचारल्यावर आम्ही सांगायचो, 'जगाचं तेल'. त्यावर चोपदारांनी तरी काय करावं? आणि आमच्या शेजारी दुसऱ्या कुणाचा टाळ वाजतोय का, ते आम्ही ऐकलंच नव्हतं.

तो ऐकू आला 2022 साली. दोन वर्षं पायी वारी नव्हती, पादुका एसटीनं पंढरीला गेल्या होत्या. त्या वर्षी युक्रेनच्या लढाईनं तेल पुन्हा शंभर डॉलरच्या वर गेलेलं, आणि 19 किलोचा सिलिंडर दोन हजारांपुढं. दिंडीनं भिशी वाढवली. वाढवण्याला आमचीही संमती होती, हे कबूल करतो. लोणंदला आमच्या गावची एक माऊली दिसली. वीस वर्षं आपल्या दिंडीत चाललेली, खुरपायला जाऊन पोट भरणारी. डोक्यावर गाठोडं, दिंडीत नाव न लावता मोकळीच चाललेली. जिथं अन्नदान असेल तिथं जेवायचं, जिथं आडोसा मिळेल तिथं पडायचं. आम्ही विचारलं, "आत्या, औंदा दिंडीत नाही?" ती म्हणाली, "भिशी नाही परवडली." आणि मग आम्ही आपलं जुनं पुराण लावलं, तेल असं आणि तेल तसं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचं तेल संपेल तेव्हा संपेल. माझं तर औंदाच संपलं."

तिला सगळं तोंडपाठ होतं. रेशनच्या दुकानातलं रॉकेल कोणत्या सालापासून कमी झालं, उज्ज्वलाची टाकी कितीला भरून मिळते आणि किती महिने रिकामी पडून राहते, तालुक्याला जायला एसटीचे किती लागतात. आम्ही पुस्तकातून चौदा वर्षं जे शिकलो ते तिच्या पदराच्या गाठीत होतं. आमच्या विचाराची माणसं म्हणून आम्ही तेलावर बोलणारी माणसं धुंडाळत होतो. तेलाच्या भावानं ज्यांची वारी अडली त्यांच्याकडं आम्ही बघितलंच नव्हतं. त्या वर्षी आपल्या गावच्या अशा तिघीजणी दिंडीबाहेर चालल्या. पाचवी माऊली ती हीच.

तिनंच विचारलं, "भिशी वाढली म्हणता, मग जळतं कुठं?" याचं उत्तर आमच्याकडं नव्हतं! म्हणून 2023 च्या वारीत आम्ही भाषण बंद केलं आणि वही घातली. रोज रात्री लिहायचं. आम्हाला वाटलं होतं सगळा दोष ट्रकचा. गाव ते आळंदी, आळंदी ते पंढरपूर आणि परत, ट्रकनं 140 लिटर डिझेल घेतलं. पण पाण्याच्या टँकरनं जवळपास तेवढंच खाल्लं, कारण अर्धा टँकर घेऊनही तो दूरवर भरायला जायचा आणि रांगेत चालू उभा राहायचा. जनरेटरनं शंभरच्या वर. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे भट्टी. दोनशे माणसांच्या पंगतीला रोज दोन, असे 36 सिलिंडर. पैशात मोजलं तर डिझेलच्या दीडपटीहून जास्त. देशात जाळला जाणारा हा गॅस निम्म्याहून जास्त बाहेरूनच येतो, तेव्हा ट्रकला शिव्या घालताना आमचा चहा मात्र समुद्रापलीकडून उकळत होता.

आम्ही लगेच म्हणालो, चुली मांडा, सरपण आणा. स्वयंपाकाच्या मावशींनी पळी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "काळजी तुमची आणि धूर आमच्या डोळ्यांत का?" बरोबरच होतं. वाटेवरच्या गावांची बाभळी तोडून आपण कोणतं पुण्य मिळवणार होतो? पोरं म्हणाली, बैलगाडी पुन्हा आणू. आमच्यातला शेतकरी म्हणाला, अठरा दिवसांसाठी वर्षभर जोडी कोण पोसणार, ते आधी सांगा. तेही राहिलं.

झालं ते एवढंच. मावशींनी स्वतः ठरवलं की हरभरा, मटकी, डाळ रात्रीच भिजत पडेल आणि पातेल्यावर झाकण असल्याशिवाय भट्टी पेटणार नाही. दुपारचा दुसरा चहा बंद केला, त्यावर बंड झालं, तो अर्धा कप करून परत आणला. जनरेटर फक्त कीर्तनापुरता, बाकी उन्हावर भरणारे दिवे. टँकरचं बोलायला आम्ही शेजारच्या दिंडीच्या राहुटीत गेलो. वर्षानुवर्षं आमच्या पालाला लागून त्यांचं पाल, पण निरोपापलीकडं बोलणं नव्हतं. त्यांच्या विणेकऱ्यांनी ट्रंकेतून एक वही काढली. आमच्यासारखीच, आमच्याही आधीपासूनची! डिझेल, गॅस, तारीख, सगळं लिहिलेलं. त्यांनाही त्यांच्या दिंडीत कुणी हसलं असणार, म्हणून ट्रंकेत. त्या रात्री दोन्ही वह्या शेजारी ठेवून आम्ही काकड्यापर्यंत बसलो. गेल्या वर्षीपासून टँकर एक, दिंड्या दोन.

सिलिंडर 36 वरून 29 वर आले. भिशी कमी झाली नाही, पण वाढलीही नाही, आणि मजुरी करणाऱ्या मायमाऊलींना ती वर्षभरात टप्प्यानं भरायची सोय झाली. त्या तिघींपैकी दोघी यंदा आपल्या टाळकऱ्यांमागं चालतायत. तिसरी अजून मोकळीच आहे. ती म्हणते, आता तशीच सवय झाली. काल बरडला तिला पुन्हा विचारलं, उद्याही विचारू.

वही भट्टीच्या मागच्या खांबाला टांगलेली आहे. यंदाचं टँकरचं पान कच्चं आहे, दोन दिवसांचा आकडा शेजारच्यांकडून यायचाय. माळशिरसला दोन्ही दिंड्यांची मंडळी बसणार आहोत, ज्यांच्या घरी आकडे जुळत नाहीत त्यांनी आपलेही घेऊन यावेत. विणेकरी महाराज खुणावतायत, थांबतो.

रामकृष्ण हरी.