अंधारातली वाट आणि नफ्याचा हिशेब

(कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणातील भाग)



सार्वजनिक इमारतीत दारावर उजळणारी ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ ही पाटी आणि वीज जाताच आपोआप लागणारा दिवा हे राजकीय चर्चेचे विषय होऊ शकतात, असे सहसा कोणास वाटत नाही. तो अभियंत्यांचा व अग्निशमन दलाचा प्रांत मानला जातो. परंतु जेथे प्रत्येक चौरस फुटाला भाव आहे, तेथे मोकळी ठेवलेली वाट म्हणजे कोणाच्या तरी उत्पन्नात पडलेली तूट असते. म्हणूनच हा प्रश्न अर्थकारणाचा, आणि म्हणून राजकारणाचाही आहे.

दिल्लीचे उपहार चित्रपटगृह घ्या. १३ जून १९९७ रोजी खेळ चालू असताना तळमजल्यावरील ट्रान्सफॉर्मरने पेट घेतला. धूर जिन्यावाटे बाल्कनीत शिरला. वीज गेली. मार्गदर्शक दिवे व आपत्कालीन दिवे चालू नव्हते. बाल्कनीतील एका बाजूची वाट खुर्च्या मांडून बंद केलेली होती. ५९ माणसे मृत्युमुखी पडली. ती भाजून नव्हे, तर गुदमरून.

या खुर्च्यांचा इतिहास उद्‌बोधक आहे. १९७६ साली तिकिटांचे दर उतरविल्याची भरपाई म्हणून दिल्लीतील चित्रपटगृहांना जादा खुर्च्या मांडण्याची सवलत देण्यात आली. १९७९ साली ती मागे घेतली गेली. तरीही उपहारच्या बाल्कनीतील बहुतेक जादा खुर्च्या राहिल्याच. खुर्चीचे उत्पन्न रोज मोजता येते, मोकळ्या वाटेचे उत्पन्न मात्र शून्य. त्या वाटेचे मोल एकदाच कळते, आणि ते चुकते करणारा मालक नसतो.

नियम नव्हते असे नाही. राष्ट्रीय इमारत संहिता १९७० सालीच आली. तिच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार आपत्कालीन प्रकाशव्यवस्था किमान ९० मिनिटे टिकली पाहिजे. यामागे साधा विचार आहे. नवखा ग्राहक ज्या दाराने आला त्याच दाराकडे धावतो. दुसरा जिना त्याने पाहिलेलाच नसतो. धुरात व अंधारात तो जिना दाखविणारे दुसरे कोणी नसते.

असे नियम मालकांच्या सद्‌बुद्धीतून जन्मले नाहीत. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यातील आगीत १४६ कामगार मरण पावले. त्यांत बहुसंख्य स्थलांतरित तरुणी होत्या, आणि बाहेर पडण्याचे एक दार कुलूपबंद होते. कामगार संघटना व नागरिक रस्त्यावर आले, त्याच वर्षी राज्याला चौकशी आयोग नेमावा लागला आणि पुढे कायदे झाले.

महाराष्ट्रातही २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत व जुलैत द्यावे लागते. ते परवानाधारक संस्था देते. पण त्या संस्थेला नेमणारा व पैसे देणारा मालकच असतो. ज्याची तपासणी व्हायची, त्यानेच तपासनीस निवडावा, असा हा प्रकार आहे. हा कायदा असतानाच २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईच्या कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांत आग लागून १४ जणांचा बळी गेला. जेथे एके काळी गिरणीचे भोंगे वाजत, तेथेच ही घटना घडली.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? दुकाने, मॉल, उपाहारगृहे व कार्यालये यांत रात्रपाळीला राबणारे कामगार ही आपली माणसे आहेत. माल ठेवून अडविलेला जिना, साखळी घातलेले दार आणि विझलेली पाटी त्यांना रोज दिसते. वेतनाच्या मागणीपत्रात या गोष्टींनाही स्थान मिळाले पाहिजे. सहामाही प्रमाणपत्र दर्शनी भागी लावले जावे आणि तपासणीच्या वेळी कामगारांचा प्रतिनिधी हजर असावा, ही मागणी खर्चाची नाही. ती हक्काची आहे. वीज तोडून दिवा लागतो की नाही, हे पाहायला एक मिनिटही पुरते. ते मिनिट मागण्याची ताकद मात्र संघटनेतूनच येते.