सरकारी फोटो आणि आपला हक्क



समजा, माढ्यातल्या एखाद्या शाळेला आपल्या तालुक्यावर पुस्तिका काढायची आहे. निंबाळकरांचा किल्ला, माढेश्वरीचं देऊळ, उजनीचा जलाशय, एवढं तर हवंच. फोटो शोधायला लागलं, की सरकारी संकेतस्थळांवर ते सापडतात. मग कुणीतरी म्हणतं, ‘सरकारी आहे, म्हणजे आपलंच. घ्या की!’

कायदा तसं म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर सरकारी कामाचा हक्क सरकारकडे असतो, आणि प्रकाशनानंतरचं वर्ष लागल्यापासून तो ६० वर्षं टिकतो. सोलापूर जिल्ह्याचं १८८४ सालचं इंग्रजी गॅझेटिअर यातून कधीच मोकळं झालंय. त्यातली माढ्याची माहिती खुशाल छापा. पण १९७७ ची सुधारित आवृत्ती २०३७ संपेपर्यंत सरकारच्या हक्कात आहे.

काही वाटा कायद्यानेच खुल्या ठेवल्यात. राजपत्रातला मजकूर, न्यायालयांचे निकाल, विधिमंडळापुढे ठेवलेले समित्यांचे अहवाल सहसा छापता येतात. फोटोंचं मात्र तसं नाही. काही खाती स्रोत नमूद केला की विनामूल्य वापरू देतात, काही आधी ई-मेलने परवानगी मागायला लावतात. संकेतस्थळाच्या अगदी तळाशी ‘कॉपीराइट धोरण’ असतं. ते उघडून वाचाच. फोटो दुसऱ्या कुणाच्या मालकीचा असेल, तर खात्याची परवानगी पुरत नाही. केंद्र सरकारने २०१७ साली खुल्या माहितीसाठी परवाना आणला. त्याखाली दिलेली सामग्री श्रेय देऊन व्यवसायासाठीसुद्धा वापरता येते. बोधचिन्हं आणि राजमुद्रा मात्र त्यात येत नाहीत.

अमेरिकेत तिथल्या संघ सरकारच्या कर्मचाऱ्यांनी केलेल्या कामावर तिथे कॉपीराइटच नसतो. म्हणून उजनीचा तिथल्या लँडसॅट उपग्रहाने टिपलेला फोटो आपली शाळा कुणालाही न विचारता छापू शकते. आपल्याच करातून काढलेल्या आपल्याच धरणाच्या फोटोसाठी मात्र अर्ज करावा लागतो, हे मला पटत नाही. महाराष्ट्र शासनाने निदान शाळा आणि ग्रंथालयांसाठी प्रत्येक फोटोखाली स्पष्ट परवाना लिहावा, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

तोवर पुस्तिका छापायला देण्याआधी संबंधित खात्याला पत्र धाडा आणि उत्तर फाइलला लावून ठेवा. किल्ल्याचा फोटो मुलांनाच काढू द्या. त्याचा हक्क काढणाऱ्या मुलाकडे असेल, आणि श्रेयाच्या ओळीत त्याचंच नाव छापा.